फ्लाइट ट्रेनिंग सुरू करताय? बॅग भरायच्या आधी हे वाचा

ॲडमिशन झाली की पहिल्या आठवड्यात सगळ्यांचं एकच चालू होतं, काय काय विकत घ्यायचं. माझंही तेच झालं. नेटवर सापडतील तेवढ्या याद्या वाचल्या, चाळीसेक वस्तू लिहून काढल्या, त्यातल्या निम्म्या घेऊनही टाकल्या आणि पहिल्या दिवशी ती भलीमोठी बॅग पाठीवर टाकून विमानापाशी गेलो तर इन्स्ट्रक्टरने आधी बॅगेकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "मुक्कामाला आलायस का?" त्या फ्लाइटमध्ये प्रत्यक्षात वापरल्या दोन गोष्टी, हेडसेट आणि पेन्सिल. पेन्सिल पण पहिल्याच वळणात हातातून सुटून सीटखाली गेली ती गेलीच.

तेव्हा डोक्यात जे बसलं तेच सांगतो. ट्रेनिंगचं विमान म्हणजे सेसना १५२ सारखं काहीतरी असतं, केबिनची रुंदी साधारण एक मीटर, त्यात दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली, तुमचा एक हात कंट्रोलवर, दुसरा थ्रॉटलवर आणि डोळे बाहेर असायला हवेत. त्यामुळे वस्तू कुठल्या कंपनीची, किती भारी हे नंतर बघा. आधी हे विचारा की बसल्या जागेवरून, खाली न बघता, एका हाताने ती मिळेल का? नसेल मिळणार तर हवेत ती तुमच्याकडे नाहीच असं धरा. आणि दुसरं म्हणजे सगळं एकदम घेऊ नका, ट्रेनिंग जसं पुढे सरकेल तसं घ्या, कारण पहिल्या दहा तासांत लागणाऱ्या वस्तू आणि क्रॉस कंट्रीला (म्हणजे दुसऱ्या गावापर्यंतच्या लांबच्या फ्लाइटला) लागणाऱ्या वस्तू यांचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो.

हेडसेटपासून सुरू करू कारण खर्च करायचाच असेल तर तो इथे करा. छोट्या पिस्टन विमानाच्या केबिनमध्ये आवाज ८५ ते १०० डेसिबलच्या घरात असतो, आणि एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. ते सोडा, रोजचा त्रास वेगळाच आहे, आवाजात तासभर बसलं की डोकं बधीर होतं आणि टॉवर काय बोलला ते कळत नाही, मग तुम्हाला वाटतं आपलं रेडिओचं इंग्लिश कच्चं आहे. निम्म्या वेळा इंग्लिशचा काही दोष नसतो, हेडसेटचा असतो. शाळेत कॉमन हेडसेट मिळतात, पहिल्या दोन-तीन फ्लाइटला चालवून घ्या, पण त्यांचे इअर सील फाटलेले असतात, माइकची दांडी जागेवर राहत नाही आणि आधीच्या चौदा जणांचा घाम त्यात मुरलेला असतो.

हेडसेट दोन प्रकारचे. पॅसिव्ह म्हणजे नुसतं जाड कप आणि घट्ट पकड यांच्या जोरावर आवाज अडवणारे, डेव्हिड क्लार्कचे ते हिरवे हेडसेट तुम्ही बघितले असतीलच, बॅटरी नाही, काही नाही, पडले आपटले तरी वर्षानुवर्षं चालतात. दुसरे एएनआर, म्हणजे ज्यांच्या आत छोटा माइक असतो, तो कपातला आवाज ऐकतो आणि त्याच्या बरोबर उलट लहर सोडून तो मारतो. ही कल्पना अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानप्रवासात सुचली आणि १९८९ मध्ये बोस कंपनीने वैमानिकांसाठी पहिला असा हेडसेट विकायला काढला. एएनआर मुख्यतः इंजिन-प्रॉपेलरची खालच्या पट्टीतली घरघर मारतो, वरच्या पट्टीतल्या आवाजाला शेवटी कपाचं जाड आवरणच उपयोगी पडतं, म्हणून घेताना एएनआर बंद करून पण ऐकून बघा. हवेत बॅटरी संपली की तुमच्याकडे तेवढंच उरणार आहे.

कुठला घ्यायचा? माझं मत विचाराल तर, लायसन्सच्या पुढेही उडायचं नक्की असेल तर एएनआर घ्या, सेकंडहँड मिळाला तरी चालेल, फक्त इअर सील आणि माइकचा फोम नवीन टाकून घ्या. अजून खात्री नसेल तर चांगला पॅसिव्ह घ्या, त्याला जेलचे इअर सील बसवता येतात, आणि सुखाने शिका. घ्यायच्या आधी घरी निदान तासभर डोक्यावर ठेवून बसा. दुकानात पाच मिनिटांत सगळेच मऊ लागतात, चाळिसाव्या मिनिटाला टाळूवर जो एक ठिपका दुखायला लागतो तो खरा रिव्ह्यू.

प्लग बघून घ्या हां. साध्या विमानांना दोन प्लग लागतात, एक जाड ऐकायचा, एक थोडा बारीक माइकचा. हेलिकॉप्टरला एकच प्लग असतो. आणि सहा पिनांचा लेमो नावाचा तिसरा प्रकार असतो ज्यातून हेडसेटला विमानाचीच वीज मिळते, तो सॉकेट तुमच्या शाळेच्या विमानात आहे का ते बघितल्याशिवाय घेऊ नका. आमच्या बॅचमधल्या एकाने हेलिकॉप्टरचा हेडसेट स्वस्तात मिळाला म्हणून उचलला आणि मग अडॅप्टर शोधत फिरला.

आता वापरायचं कसं, कारण हे कोणी नीट सांगत नाही. माइक ओठांच्या इतका जवळ पाहिजे की जवळजवळ टेकतोय असं वाटलं पाहिजे, चार-पाच मिलिमीटर, आणि तोंडाच्या बरोबर समोर न ठेवता कोपऱ्याशी ठेवा म्हणजे श्वासाचा फुसफुस आवाज जात नाही. हे माइक लांबचा आवाज मुद्दाम गाळतात, म्हणून हनुवटीपाशी लोंबणाऱ्या माइकमध्ये तुम्ही कितीही ओरडा, टॉवरला तुम्ही गुहेतून बोलताय असंच ऐकू जाणार. माइकची एक बाजू बोलायची असते, तिच्यावर ठिपका किंवा खूण असते, ती ओठांकडे हवी. एकाच कानात ऐकू येत असेल तर हेडसेट बिघडला म्हणून घाबरू नका, विमानाचा इंटरकॉम मोनो असेल आणि तुमचा हेडसेट स्टिरिओवर असेल तर असंच होतं, केबलवरच्या डबीत किंवा कपावर छोटा स्विच असतो तो मोनोवर करा. आणि रेडिओ गेला असं वाटलं की सगळ्यात आधी प्लग आत ढकला. अर्धवट बसलेला प्लग हा विद्यार्थ्यांचा आवडता रेडिओ फेल्युअर आहे, माझा स्वतःचा दोनदा झालाय, त्यातला एक सोलोच्या (एकट्याने उडायच्या फ्लाइटच्या) आधी, इन्स्ट्रक्टर खाली उतरताना त्यांच्या पायाने माझी केबल ओढली गेली होती. काढताना प्लगला धरून काढा, वायर ओढून नाही.

हेडसेटवर बरंच बोललो, पुढच्या गोष्टी भराभर घेऊ.

नीबोर्ड म्हणजे मांडीवर बांधायची पाटी. चांगली वस्तू आहे, पण जेवढी छोटी तेवढी चांगली. तीन घड्यांचे, कप्पेवाले, कॅल्क्युलेटर लावलेले नीबोर्ड मिळतात ते घेऊ नका. विमान योकचं (पॅनेलमधून येणाऱ्या स्टिअरिंगसारख्या हँडलचं) आहे की स्टिकचं (उभ्या दांडीचं) ते आधी बघा. स्टिक दोन पायांच्या मधून येते, जाडजूड पाटी असली की स्टिक पूर्ण डावी-उजवी जातच नाही, आणि योक असला तरी लँडिंगला पूर्ण मागे ओढताना तो पाटीला किंवा चिमट्याला अडतो. म्हणून पाटी मांडीवर बांधूनच कंट्रोल चेक करा, चारही कोपरे, अगदी शेवटपर्यंत. पायाने बुटके असाल तर नुसता अर्ध्या कागदाच्या आकाराचा पुठ्ठा, त्याला चिमटा आणि इलॅस्टिकचा पट्टा, एवढ्याने भागतं. मी अजून तोच वापरतो.

त्यावरच्या कागदावर आधीच रकाने आखून ठेवा. एटिसचं (विमानतळाच्या रेकॉर्ड केलेल्या माहितीचं) अक्षर, वारा, क्यूएनएच (उंचीमापकावर लावायचा हवेचा दाब), रनवे, स्क्वॉक (रडारवर ओळखायचा कोड), टेकऑफची वेळ. रोज त्याच क्रमाने. म्हणजे टॉवर भराभर बोलत असला तरी कुठला आकडा कुठे लिहायचा याचा विचार करावा लागत नाही, हात आपोआप जातो. लिहायला पेन्सिल, शाईचं पेन वर गेल्यावर हवेचा दाब कमी झाला की गळू शकतं. दोन पेन्सिली, दोन्ही दोऱ्याने बांधलेल्या. दोरा का ते वर सांगितलंच.

घड्याळ कुठलंही चालेल, फक्त ते यूटीसीवर (जगभरच्या एकाच प्रमाणवेळेवर) लावून ठेवा किंवा दोन वेळा दाखवणारं घ्या, कारण हवामानाचे रिपोर्ट, नोटाम (वैमानिकांसाठीच्या सूचना), फ्लाइट प्लॅन सगळं यूटीसीत असतं आणि मनातल्या मनात बेरीज करण्यात लोक रात्री बारा ओलांडले की तारखेत हमखास चुकतात. स्टॉपवॉच हवंच, ते मोठ्या बटणाचं असेल तर उत्तम.

आता ई६बी. हा तो वेळ, वेग, इंधन यांची गणितं करायचा गोल फिरणारा स्लाइड रूल, मागच्या बाजूला वाऱ्याची जाळी असलेला. फिलिप डाल्टन नावाच्या अमेरिकन नौदलातल्या माणसाने १९३० च्या दशकात हा घडवला, तेव्हापासून जवळजवळ तसाच आहे. युरोपच्या पद्धतीने शिकणाऱ्यांना सीआरपी-५ घ्यायला सांगतात, भाऊबंदच आहेत. इलेक्ट्रॉनिक पण मिळतात आणि काही परीक्षांना ते चालतात, तुमच्या परीक्षेला काय चालतं ते आधी विचारून घ्या. पण शिकायला हाताने फिरवायचाच घ्या, कारण मागच्या बाजूवर वारा मांडला की विमान किती आणि कुठल्या बाजूला सरकणार ते डोळ्यांना दिसतं, बटण दाबून नुसता आकडा मिळतो.

याची एक गंमत आहे जी पहिल्या दिवशीच समजून घ्या. स्लाइड रूलला दशांश चिन्ह नसतं. १६ वाचायचं की १६० की १.६ हे तो सांगत नाही, ते तुम्हाला ठाऊक असावं लागतं. म्हणून चकती फिरवायच्या आधी तोंडी अंदाज काढायची सवय लावा. ग्राउंड स्पीड ९० नॉट म्हणजे मिनिटाला दीड नॉटिकल मैल, पुढचा टप्पा २४ मैलांवर, म्हणजे १६ मिनिटं. आता चकतीवर १६ आलं की हसून पुढे जा, नाही आलं तर कुठेतरी घोळ आहे. दुसरा घोळ युनिट्सचा. एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटर, एक अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटर, आणि विमानाच्या पुस्तकात एक, पंपावर दुसरं असं होणारच. तिसरा घोळ वाऱ्याच्या दिशेचा, हवामान रिपोर्टमध्ये लिहिलेला वारा ट्रू नॉर्थवरून (नकाशाच्या खऱ्या उत्तरेवरून) असतो आणि टॉवर तोंडी सांगतो तो मॅग्नेटिक (होकायंत्राच्या उत्तरेवरून), दोन्ही एकत्र कालवू नका. धातूचा ई६बी जड असतो पण टिकतो, प्लॅस्टिकचा उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला की वाकतो आणि मग चकती अडकत अडकत फिरते.

प्लॉटर म्हणजे नकाशावर अंतर आणि कोन मोजायची पारदर्शक पट्टी. हिच्यावर दोन-तीन स्केल छापलेले असतात आणि चुकीच्या स्केलने मोजणं ही चूक प्रत्येकजण एकदा तरी करतो. १:५००,००० च्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे ५ किलोमीटर, १:२५०,००० वर अडीच. म्हणजे स्केल चुकला की अंतर सरळ दुप्पट किंवा निम्मं, आणि त्यावरून काढलेलं इंधनही तसंच. मी पट्टीवरच्या नको असलेल्या स्केलवर चक्क चिकटपट्टी लावून टाकली. खात्री करायचा एक सोपा उपाय म्हणजे नकाशाच्या उभ्या रेषेवरची अक्षांशाची खूण, तिथला एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, त्याच्याशी ताडून बघा. आडव्या बाजूवरच्या रेखांशाच्या खुणांवर मात्र कधी मोजू नका, त्यांच्यातलं अंतर ध्रुवाकडे जाल तसं कमी होत जातं. नकाशा चालू आवृत्तीचा हवा, हे सांगायला नको. घडी अशी घाला की आपला रस्ता मधोमध दिसेल, अख्खा नकाशा कॉकपिटमध्ये उलगडून बघा एकदा, इन्स्ट्रक्टरच्या तोंडावर जातो मग कळतं.

फ्युएल टेस्टर. ही सगळ्यात छोटी वस्तू आणि माझ्या मते हेडसेटनंतरची सगळ्यात महत्त्वाची. शाळेचा असतोच, पण तो नेहमी दुसऱ्या विमानात असतो किंवा त्याची दांडी तुटलेली असते, तेव्हा स्वतःचा ठेवा. टाक्यांच्या खाली ड्रेन असतात, सेसना १७२एस ला तर तेरा आहेत, प्रत्येक पंखाला पाच आणि पोटाखाली तीन, आणि तेराही बघायचे असतात, घाई आहे म्हणून चार नाही. थोडं इंधन काढा, पांढऱ्या पंखासमोर धरून रंग बघा. १०० एलएल, म्हणजे पिस्टन विमानांचं पेट्रोल (ॲव्हगॅस), निळसर असतं, जेट फ्युएल रंगहीन ते फिकट पिवळं. पाणी जड असल्यामुळे तळाला बसतं, मध्ये रेघ दिसते. सापळा असा की नमुना अख्खाच पाण्याचा असेल तर रेघ दिसणारच नाही, स्वच्छ एकसारखं दिसेल आणि तुम्ही वा छान म्हणून पुढे जाल. म्हणून नुसती रेघ नाही, रंग आणि वास दोन्ही बघायचं. पेट्रोलच्या विमानात चुकून जेट फ्युएल मिसळलंय अशी शंका आली तर पांढऱ्या कागदावर थेंब टाका, ॲव्हगॅस उडून जातं, जेटचा तेलकट डाग मागे राहतो. शंका आली की उडायचं नाही, कोणाला तरी बोलवायचं. आणि हो, तुमचं विमान डिझेल इंजिनचं असेल, डायमंड डीए४० च्या काही मॉडेलसारखं, तर तिथे मुळात जेट फ्युएलच हवं असतं, मग निळा रंग दिसला तर धोका. आपल्या विमानाच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघा, माझं पाठ करू नका. टेस्टर वापरून झाला की झिप असलेल्या पिशवीत टाका, नाहीतर तुमचा डबा आणि लॉगबुक दोन्हीला पेट्रोलचा वास लागतो.

इंधनाचा विषय निघालाच आहे तर डिपस्टिक. टाकीत बुडवून मोजायची काठी. ती त्याच मॉडेलच्या त्याच टाकीसाठी आखलेली असावी लागते, एका विमानाची दुसऱ्यात घातली तर आकडा खोटा. लहान विमानांच्या फ्युएल गेजवर विसंबायचं नाही हे पहिल्या आठवड्यात सगळे सांगतात, आणि महिन्याभरात सगळे विसरतात.

गॉगल घेताना पोलराइज्ड घेऊ नका. दुकानदार तेच पुढे करणार कारण गाडीला ते छान असतात. विमानात मात्र स्क्रीन काही कोनांतून काळ्या दिसतात, विंडशील्डवर इंद्रधनुष्यासारखे पट्टे उमटतात, आणि दुसऱ्या विमानावरून येणारी जी चमक बघून तुम्हाला ते विमान दिसणार असतं तीच चमक हा गॉगल गाळून टाकतो. करड्या रंगाची साधी काच घ्या, साधारण १५ टक्के उजेड आत सोडणारी. उन्हात आपोआप काळे होणारे चष्मे पण कॉकपिटमध्ये फारसे काळे होत नाहीत कारण त्यांना जी अतिनील किरणं लागतात ती विंडशील्डच बरीचशी अडवतं. दांड्या बारीक आणि सरळ हव्यात, जाड दांडी हेडसेटच्या सीलमध्ये फट पाडते, त्या फटीतून आवाज आत येतो आणि एएनआर असला तर त्याचाही निम्मा जोर जातो. तासाभराने कानामागे दुखतं ते वेगळंच. नंबरचा चष्मा लागत असेल आणि मेडिकलवर तशी नोंद असेल तर दुसरा जोड जवळ ठेवा, मागच्या सीटवरच्या बॅगेत नाही, खिशात.

टॉर्च दिवसा पण लागते, काउलिंगच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) आत, चाकांच्या मागे, फ्युएल टाकीत डोकवायला. पांढऱ्या उजेडाची एक. रात्रीच्या फ्लाइट सुरू झाल्या की लाल उजेडाची पण घ्या, कारण अंधाराला सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागतो आणि पांढरा झोत एकदा डोळ्यात गेला की ते सगळं पाण्यात. पण लाल उजेडात नकाशावरच्या लाल रेघा गायब होतात हे लक्षात ठेवा, म्हणून खूप मंद करता येणारा पांढरा उजेड जास्त कामाचा असं माझं मत झालंय. डोक्यावर बांधायची टॉर्च हात मोकळे ठेवते, फक्त इन्स्ट्रक्टरकडे वळून बघू नका, शिव्या खाल.

कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर कोणाच्याच यादीत वर नसतो. पिस्टन विमानात केबिन गरम करायची हवा बहुतेक वेळा एक्झॉस्टच्या भोवतालच्या आवरणातून येते, त्या एक्झॉस्टला चीर पडली की तो वायू हिटरमधून थेट तुमच्या नाकात. वास नाही, रंग नाही, आधी डोकं दुखतं, मग विचार जड होतात, आणि गंमत म्हणजे तेव्हा आपलं काही चुकतंय हेच कळत नाही. २०१९ च्या जानेवारीत फुटबॉलपटू एमिलियानो साला ज्या पायपर मालिबू विमानातून जात होता ते इंग्लिश चॅनलमध्ये कोसळलं, त्याच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी ५८ टक्के कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेलं सापडलं. रंग बदलणारं कार्ड पॅनेलला चिकटवलेलं असतं, पण त्याला मुदत असते आणि शाळेच्या विमानात ते बहुधा कधीचं बाद झालेलं असतं, शिवाय ते ओरडत नाही, तुम्हाला त्याच्याकडे बघावं लागतं. आवाज करणारा बॅटरीवरचा छोटा डिटेक्टर बॅगेच्या पट्ट्याला अडकवून ठेवा. वाजला की हिटर बंद, ताजी हवा चालू, आणि जवळच्या धावपट्टीवर उतरायचं.

टॅबलेटबद्दल भांडणं होतात. माझं म्हणणं, पहिल्या क्रॉस कंट्रीपर्यंत आणू नका. नकाशा, घड्याळ आणि खिडकीबाहेरचं गाव जुळवायला एकदा शिकलात की मग आणा, तोपर्यंत ती निळी विमानाची खूण बघत बसाल आणि बाहेर कोणी बघणार नाही. घेताना छोटा घ्या, मोठा योकवर लावला की अर्धं पॅनेल झाकतो. आयपॅड घेणार असाल तर एक पक्कं लक्षात ठेवा, नुसत्या वायफायवाल्या मॉडेलमध्ये जीपीएस नसतो, सिमवालं मॉडेल लागतं, सिम टाकलं नाही तरी चालतं. नाहीतर बाहेरचा ब्लूटूथ जीपीएस घ्यावा लागतो. आणि ॲपलच सांगते की तो ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरायचा, काचेच्या छताखाली थेट उन्हात हा आकडा केव्हाच ओलांडला जातो, मग ऐन वेळी स्क्रीनवर तापमानाची सूचना येते आणि बाकी सगळं गायब. म्हणून कागदाचा नकाशा बरोबर असतोच. पॉवर बँक हाताशी ठेवा, सामानात पुरू नका, लिथियम बॅटरी तापली तर ती तुम्हाला दिसली पाहिजे.

कपड्यांचं फार नाही. सुती घाला, सिंथेटिक आगीत वितळून कातडीला चिकटतं. बूट पातळ तळाचे, चप्पल किंवा जाड सोलचे ट्रेकिंगचे बूट नकोत, रडर (पायाने चालवायचं शेपटीचं सुकाणू) पायाला जाणवलं पाहिजे आणि ब्रेक पेडलच्या वरच्या भागात असतात, जाड बुटाने टेकऑफलाच नकळत ब्रेक दाबला जातो. टोपी घालणार असाल तर डोक्यावर मधोमध बटण नसलेली घ्या, हेडसेटचा पट्टा ते बटण टाळूत रुतवतो, वीस मिनिटांत मुकाट्याने काढून ठेवाल.

उंचीने कमी असाल तर उशी घ्या आणि लाजू नका. ही खरंतर लँडिंग शिकायची वस्तू आहे. तुमचे डोळे रोज एकाच उंचीवर असले तरच रनवे रोज एकसारखा दिसतो, आज सीट दोन खाच पुढे, उद्या मागे असं केलंत तर दर वेळी फ्लेअर (टेकायच्या आधी नाक उचलणं) नव्याने शिकावा लागेल. सीट कितव्या खाचेत, उशी कुठली, पॅनेलच्या वरची कड नजरेत कुठे येते हे लिहून ठेवा. आणि बसल्यावर सीट मागे-पुढे हलवून पिन रुळात बसली का ते बघाच, टेकऑफच्या वेळी सीट मागे सरकली तर हात आपोआप योक धरूनच मागे जातो.

लॉगबुक पहिल्या दिवसापासून. कागदाचं घ्या, बरोबर एक डिजिटल कॉपी ठेवा, दर पान भरलं की फोनने फोटो. फ्लाइट झाल्या झाल्या शाईने भरा, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही, खाडाखोड नाही, व्हाइटनर तर अजिबात नाही. उतरल्यावर हॉब्स मीटरचा (विमान किती वेळ चाललं ते मोजणाऱ्या मीटरचा) फोटो काढायची सवय लावा, आठवड्याने वेळ आठवत नाही आणि इन्स्ट्रक्टरला तर नाहीच. विमानात लॉगबुक न्यायची सक्ती नसेल तर नेऊ नका. लायसन्स, मेडिकल, ओळखपत्र मात्र नेहमी, एका पातळ पाकिटात.

आणि एक जवळजवळ फुकट वस्तू, जिने माझे सगळ्यात जास्त पैसे वाचवले. कॉकपिटचं पोस्टर. तुमच्याच विमानाच्या पॅनेलचा मोठा फोटो काढा, प्रिंट करा, भिंतीवर लावा, समोर खुर्ची टाका आणि चेकलिस्ट हातात घेऊन इंजिन स्टार्टपासून शटडाउनपर्यंत सगळं बोलत बोलत करा, हात त्या त्या स्विचवर नेत. मोठ्याने. घरचे हसतील. पण हॉब्स मीटर चालू असताना स्विच शोधण्यापेक्षा इथे शोधलेला बरा. चेकलिस्ट आणि पायलट हँडबुक तुमच्याच मॉडेलचं असू द्या, १७२ च्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत वेगांचे आकडे वेगळे आहेत, काहींचा वेग मैलांत तर काहींचा नॉटमध्ये आहे.

नंतर घ्यायचं ते. फॉगल्स किंवा हूड (बाहेरचं दिसू नये म्हणून घालायचा चष्मा किंवा झापड), नुसत्या इन्स्ट्रुमेंटकडे बघून उडायचे धडे सुरू होतील तेव्हा, फॉगल्स हलके पडतात. हँडहेल्ड रेडिओ चांगला बॅकअप आहे पण लांबच्या सोलोआधी गरज नाही, आणि घेतलाच तर हेडसेट जोडायचा अडॅप्टर पण घ्या, नाहीतर इंजिनच्या आवाजात त्याचा काही उपयोग नाही. काही देशांत त्याला परवाना लागतो, ते बघून घ्या. ॲक्शन कॅमेरा, खांद्यावर पट्ट्या लावायचा पांढरा शर्ट, कंपनीचा लोगो असलेली कातडी बॅग, हे सगळं हौसेचं. हौस असू द्या, पण सोलोनंतर. उलटीची पिशवी मात्र पहिल्या दिवसापासून, खिशात, आणि लागली तर वाईट वाटून घेऊ नका, गरगरण्याच्या दिवशी भलेभले हिरवे पडतात. पाण्याची छोटी बाटली, झाकण घट्ट.

शेवटी बॅग. छोटी घ्या. बाहेरच्या कप्प्यात टेस्टर आणि टॉर्च, कारण ती प्रीफ्लाइटला (उडायच्या आधीच्या तपासणीला) लागतात, आतल्या कप्प्यात हेडसेट, बाकी जे हवेत लागेल ते बसायच्या आधीच अंगावर, मांडीवर, खिशात गेलं पाहिजे. बॅग मागे ठेवली की पट्ट्याने बांधा आणि तिचं वजन वेट अँड बॅलन्सच्या (विमानाचं वजन आणि तोल यांच्या हिशोबाच्या) कागदात धरा. मी एकदा माझी बॅग काट्यावर ठेवली तर साडेनऊ किलो भरली, दोन माणसं आणि भरलेल्या टाक्या घेऊन १५२ मध्ये बसल्यावर साडेनऊ किलो शिल्लक राहतातच असं नाही. त्याच संध्याकाळी ती रिकामी केली, आता साडेतीन आहे.

उतरल्यावर बॅगेत परत काय काय गेलं ते मोजा. दोन पेन्सिली, टेस्टर, टॉर्च, चष्मा. एक जरी कमी असेल तर पुढच्या माणसाला विमान देऊ नका, सीटखाली, पेडलमागे टॉर्च मारून शोधा, सापडलं नाही तर मेकॅनिकला सांगा. माझी ती पहिल्या दिवशीची पेन्सिल मी कोणालाच न सांगता सोडून दिली होती, लाज वाटली म्हणून. पुढच्या इन्स्पेक्शनला मेकॅनिकने फ्लोअर पॅनेल उघडलं तेव्हा ती कंट्रोलच्या केबलशेजारी सापडली, आणि तिच्यावर माझं नाव होतं.